इंदूबाईची दुसरी प्रिंट

आधीच सांगून ठेवते. बाळापूरच्या 'नासिर फोटो स्टुडिओ'त फोटो काढायचे नासिर, पण धुवायची अन् छापायची मी, नईमा. पंचवीस वर्षं मागच्या अंधारखोलीत लाल बल्बाखाली उभी राहिली मी, अन् गावात बोलबाला काय, तं नासिरभाईच्या हातात जादू हाये! जादू कसची डोंबलाची? नासिरभाईले बटन दाबता येत होतं. नवरा हाये माहा, माणूस चांगला हाये, पण खरं ते खरं.

स्टुडिओ बंद होऊन आता पंधरा वर्षं झाली. आमी अकोल्याले लेकीजवळ राहाले आलो. लेक म्हणजे उज्मा, कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. घरात आमी हिंदी बोलतो, पण राग आला की माही जबान सरळ वऱ्हाडीवर येते, अन् राग मले दिवसातून चार वेळा येतोच. तं हे सगळं वऱ्हाडीतच ऐका.

एप्रिलात धम्मदीपचा फोन आला. धम्मदीप म्हणजे इंदूबाईचा पोरगा, अमरावतीले सरकारी नोकरीत हाये. इंदूबाई बाळापूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. माही उज्मा त्यायच्याच हातावर जन्मली, तवापासून आमचं घरोब्याचं.

"मावशी, घर बांधून झालं," तो म्हणे. "बुद्धपौर्णिमेले गृहप्रवेश हाये. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, अन् बाजूच्या भिंतीवर मले आईचा फोटो लावायचा हाये. नोकरी लागली तवाचा, नर्सच्या ड्रेसातला. आमच्या घरातली पयली नोकरी तिची. पण आई म्हणते, तसा फोटोच नाई."

"हाये," मी म्हणलं. तोंडातून निघूनच गेलं.

"खरंच? मोठा करून मिळंन?"

"मिळंन. पण आईले सांगू नको."

फोन ठेवला अन् मी कपाळाले हात लावून बसली. फोटो होता, हे खरं. पण तो फोटो म्हणजे माह्या हातचं पाप होतं.

त्याचं असं झालं. स्टुडिओची आमची एक रीत होती. जवान पोरगी फोटो काढाले आली की नासिर पाकिटावर पेन्सिलीनं 'गो' लिहीत. गो म्हणजे गोरा. मंग मी बारीक टोकाची पेन्सिल घेऊन निगेटिव्हवर गाल, कपाळ, नाक घोटत बसायची. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल, कागदावर तिथं गोरेपण. गिऱ्हाईकाले विचारायचं कामच नव्हतं, लग्नाच्या बाजारात सगळ्यायले तेच पायजे असे. अठ्ठ्याऐंशी साली इंदूबाई आल्या तवा बावीस वर्षांच्या, नोकरीचा पयला आठवडा, कडक इस्त्रीचा पांढरा ड्रेस, डोक्यावर टोपी. त्यायले फोटो स्थळासाठी नव्हता पायजे, मायले दाखवाले पायजे होता. कोणं विचारलं? नासिरनं सवयीनं 'गो' लिहिलं, मी सवयीनं घोटलं. प्रिंट अशी निघाली की मीच मले शाबासकी देली.

दोन वर्षांनी मैत्री झाली तवा मी हौसेनं विचारलं, तो फोटो कुठं लावला? इंदूबाई सरळ बाई, त्यायच्या बोलण्यात गुळमुळ नाई. म्हणाल्या, "भाभी, माही माय तानुबाई. जल्मभर लोकायच्या वावरात निंदण करणारी, काळीभोर. अन् मी सगळी तिच्यावर गेलेली. मी मोठ्या हौसेनं फोटो तिच्या हातात देला. तिनं उलटापालटा करून पायला अन् विचारलं, हे कोणाची पोरगी व? मंग मी तो फोटो चुलीत टाकला."

एवढंच बोलल्या, अन् वरून मलेच चहा पाजला. त्यानंतर कधी विषय नाई. तानुबाई पुढं वारल्या. पण ते 'कोणाची पोरगी व' माह्या कानातून चौतीस वर्षं गेलं नाई. आता भिंतीवर लावाले तोच फोटो मी छापणार होती, अन् यावेळी चुकली असती तं इंदूबाईले तोंड दाखवाले जागा नव्हती.

नासिरनं माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. माणूस काई फेकत नाई, एवढा त्याचा गुण. नंबरावरून निगेटिव्ह दहा मिनिटांत सापडली. तिच्यावर माही पेन्सिल अजून चमकत होती. मी कापसावर थेंबभर टर्पेंटाईन घेतलं अन् हळू हळू गालावरून फिरवलं. कापूस काळा होत गेला. तो काळा कापूस पाहून मले जे बरं वाटलं ते काय सांगू!

उज्मा म्हणे, "अम्मी, लॅबमध्ये देऊ. अर्ध्या तासात देतीन."

"अन् रंगीत मशीनवर काळा-पांढरा काढतीन, तो कधी हिरवट तं कधी जांभळट. लग्नातल्या लाइटिंगवानी. मी छापीन."

"कशावर? अंधारखोली कुठं हाये आता?"

पण लेक माहीच हाये. आठ दिवसांत तिनं कॉलेजातल्या एका मॅडमकडून सहा टाक्यांचा इंकजेट प्रिंटर आणला, वापरलेला पण धडधाकट. अन् कुरियरनं एक खोकं मागवलं. त्या खोक्यात सहाच्या सहा बाटल्या काळ्या-करड्या शाईच्या! निळ्याच्या जागी गडद करडी, गुलाबीच्या जागी मधली, पिवळीच्या जागी फिक्कट, असं करत करत पार धुक्यावानी पातळ करडी. मी एकेक बाटली उजेडात धरून पायली. साठ वर्षांची बाई मी, पण ईदच्या नव्या कपड्यांपाशी बसलेल्या पोरीवानी त्या बाटल्यांपाशी बसली होती.

"छह टंकियाँ, और रंग एक भी नहीं?" नासिर म्हणे.

"तुमाले काय समजते त्यातलं? तुमी बटन दाबा."

जुन्या रंगीत शाया आमी इंजेक्शनच्या सुईनं ओढून काढल्या, नळ्या धुतल्या, अन् करड्या भरल्या. उज्माचे हात निळे-गुलाबी झाले, माहे काळे. मंग प्रश्न आला प्रिंटर ठेवायचा कुठं. आता मे महिन्याचं अकोलं म्हणजे काय ते सांगाले नको. शेहेचाळीस डिगरी. आमच्याकडे पाहुणा आला की कूलरच्या तोंडासमोरची खुर्ची त्याची, घरचे मंग कोपऱ्यात घामानं निथळले तरी चालते. इतक्या दुरून आलेला हा पाहुणा, नाजूक यंत्र, त्याले गरम होऊ द्यायचं का? मी स्वतः टेबल ओढून प्रिंटर कूलरच्या बरोबर समोर बसवला. खसच्या ताट्या नव्या होत्या, गारेगार वास येत होता. जवळच कागदाचं पाकीट ठेवलं. उज्मा शिकलेली बाई, केमिस्ट्रीची, पण तीही म्हणे, "हां अम्मी, इथं बरं."

पयल्याच कागदाले उज्मा अडली. मॅट कागदाले शाई एकाच बाजूनं धरते, पण दोन्ही बाजू सारख्या पांढऱ्या. ती चष्मा वर करून, खाली करून पाहून राहिली. मी तिच्या हातातून कागद घेतला, कोपरा ओठाले लावला, जिकडून ओठाले चिकटला ती बाजू वर केली.

"हे कुठं शिकली?"

"अंधारात. तिथं डोळ्याचं काम नसते, बाई."

उज्मानं मले अशी मिठी मारली की कागद चुरगळला. तो एक गेला, पण मले राग नाई आला. त्या दिवशी आलाच नाई राग.

राग आला दुसऱ्या दिवशी. आमी आधी पट्टी छापली. पट्टी म्हणजे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस पायऱ्या, एकेक पायरी जराशी गडद. अंधारखोलीतही आमी फोटोआधी तुकडा छापून पाहू, तसंच हे. एकवीस पायऱ्या वेगवेगळ्या दिसल्या पायजे. मले दिसल्या तेरा. पुढच्या आठ पायऱ्यांचा नुसता चिखल. अन् चिखल झाला नेमका तिथं, जिथं इंदूबाईचा चेहरा येणार होता. शाई फुटलेली, कडेनं काळे ओरखडे, कागदाचे कोपरे वर वळलेले.

"शाई सोडते ते हेड साफ कर," मी म्हणलं.

उज्मानं हेड साफ केलं. बारीक रेघांची जाळी छापून पायली, एकही रेघ तुटलेली नाई. पुन्हा पट्टी, पुन्हा चिखल. तीन दिवस आमी तेच करत होतो. फिक्कट करडीची बाटली अर्धी झाली. मी प्रिंटरले शिव्या देल्या, शाईवाल्याले देल्या, नासिर मधात बोलला म्हणून त्याले देल्या. गृहप्रवेश पाच दिवसांवर आला.

"अम्मी, लॅबमध्ये..."

"लॅबचं नाव घेतलं तं जेवणार नाई मी!"

चौथ्या दिवशी दुपारी शेजारची चंदा यंदाचे नवे मुगाचे पापड चाखाले घेऊन आली. मी दोन भाजले, ताटलीत घालून प्रिंटरच्या बाजूले ठेवले, अन् पुन्हा त्या पट्टीवर डोळे लावून बसली. अर्ध्या तासानं नासिरनं पापड उचलला. मोडाले गेला. पापड मोडलाच नाई, नुसता वाकला.

"ये तो सादळ गया, भई. चंदा का पापड बेकार है."

"चंदाच्या पापडाले काई होत नाई, कूलरसमोर ठेवला म्हणून..." माहं वाक्य अर्धंच राहिलं.

मी पापडाकडे पायलं. मंग कागदाकडे. पाकिटातला एक कागद काढून कानाजवळ हलवला. कोरा कागद कसा कडक वाजला पायजे! हा ओल्या फडक्यावानी गप्प. या अल्लाह! दिवसरात्र कूलरचं पाणी पिऊन राहिला होता कागद. म्हणून शाई फुटे, म्हणून कोपरे वळून हेडाले घासत. आमी पाहुण्याले इतकं गार बसवलं की त्याले सर्दी झाली. वर्षानुवर्षं कुरड्या-पापड सांभाळणारी बाई मी, अन् मले हे समजू नये? मी कपाळावर हात मारून घेतला. अन् मंग इतकी हसली, इतकी हसली की चंदा पुन्हा पाहाले आली.

"उचला!" मी ओरडली. "मधल्या खोलीत! कूलर बंद!"

मधली खोली म्हणजे भट्टी. खिडकी नाई, हवा नाई. कागद दिवसभर तिथं पसरून ठेवला, सांजच्याले पापडाच्या पत्र्याच्या डब्यात उभा घालून झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक काढला, हलवला. खडखड वाजला! पट्टी छापली. मी बोट ठेवून मोजत गेली. अठरा, एकोणीस, वीस. एकविसावी पायरी विसावीहून वेगळी. उज्मा टाळ्या वाजवून राहिली, नासिर दारातून विचारून राहिला 'हुआ क्या, हुआ क्या', अन् मी घामानं चिंब, ओढणी कमरेले खोचलेली, माह्या जुन्या अंधारखोलीतच उभी होती जशी. तिथंही असाच घाम, अशीच हवा कोंडलेली.

मंग फोटो घेतला. निगेटिव्ह उज्मानं आधीच स्कॅन करून आणली होती. तिनं मले कॉम्प्युटरवर दाखवलं, ही खूण सरकवली की उजळते, ही सरकवली की गडद. "तू बस, तुले समजते," म्हणाली अन् चहा ठेवाले गेली. मी बसली. टोपीच्या घड्या सुधारल्या, ड्रेसचा पांढरा जपला, मागचा पडदा जरा गडद केला. चेहऱ्यावर आली. हात चालून राहिला होता, पंचवीस वर्षांचा हात, त्याले काई सांगा लागत नव्हतं. छापाले टाकलं.

कागद इंच इंच बाहेर आला. टोपी आली, कपाळ आलं, डोळे आले. झकास! असा मखमली काळा मी अंधारखोलीतही कधी काढला नव्हता. नासिरनं चष्मा लावला, प्रिंट हातात घेतली अन् त्याचा चेहरा उजळला.

"माशाल्लाह! नईमा, बिलकुल वही फोटो! वही का वही!"

तो खुश होऊन म्हणाला, मनापासून. पण माह्या डोक्यावर कोणं घागर उपडी केली असं झालं. वही का वही. मी प्रिंट त्याच्या हातातून ओढली. गाल घोटलेले. कपाळ घोटलेलं. पेन्सिल मी कापसानं पुसली होती, अन् आता त्या खुणेनं, सरकवत सरकवत, पुन्हा तेच करून ठेवलं होतं. यावेळी पाकिटावर कोणं 'गो' लिहिलं नव्हतं. नासिरले दोष द्याले जागा नव्हती. माहाच हात होता, माहीच नजर.

उज्मा चहा घेऊन आली तं मी रडून राहिली होती.

"अम्मी, इतकी सुंदर तं झाली!"

"सुंदर झाली, म्हणून तं रडून राहिली! हे इंदूबाई हायेत का? तुले त्यायनं हातावर घेतलं, तू सांग. असा हाये का त्यायचा रंग?"

उज्मानं चहा खाली ठेवला अन् प्रिंट हातात घेतली.

मी डोळे पुसले. चेहऱ्यावर जे केलं होतं ते सगळं काढून टाकलं, अन् उज्माले म्हणलं, "आता मी माऊसले हात लावत नाई. तू बस. मी फक्त सांगते." हात मागं बांधून उभी राहिली मी, लहानपणी मौलवीसाहेबापुढं उभी राहायची तशी. पडद्यावर चेहरा गडद झाला की माही जीभ वळवळे, जराशी उजळ कर म्हणाले, अन् मी ती दातात धरे. त्या एकवीस पायऱ्यांपैकी चौदाव्यापासून अठराव्यापर्यंत, जिथं आधी चिखल होता, तिथं चेहरा बसवला. छापला.

यावेळीही कागद इंच इंच बाहेर आला. कपाळ आलं, गडद, अन् त्यावर घामाची बारीक चकाकी. ती छत्तीस वर्षं निगेटिव्हमध्ये होती, माह्या पेन्सिलीखाली. गालाची हाडं आली. वरचा ओठ जरासा जाड, हट्टी. पांढऱ्या टोपीखाली काळीभोर पोरगी, अन् तिच्या डोळ्यात असा रुबाब की नासिर खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"ये फोटो मैंने लिया था?" तो हळूच म्हणे.

"हो. तुमीच."

"मैंने तो देखा ही नहीं था."

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आमी निघालो. फ्रेम मी मांडीवर घेऊन बसली, उज्माले हात लावू देला नाई. अमरावतीजवळच्या बडनेऱ्याले उतरलो तवा ऊन तापून राहिलं होतं.

वंदना झाली होती. घरात खिरीचा वास, चुन्याचा वास. धम्मदीपनं भिंतीवर खिळा आधीच ठोकून ठेवला होता. इंदूबाई पांढऱ्या साडीत, केस पिकलेले, सगळ्यायले खीर वाढून राहिल्या होत्या. मी त्यायच्या हातातलं पातेलं काढून घेतलं अन् फ्रेम देली. वरचा कागद त्यायनंच फाडला.

धम्मदीप मागून डोकावला. "बाप रे! नासिरकाका, हात हाये राजे तुमचा!"

"माहा नाई," नासिर म्हणाला. वऱ्हाडीत म्हणाला, सगळ्यायले समजावं म्हणून. "मी फक्त बटन दाबलं होतं. फोटो हिचा हाये."

दुसरा दिवस असता तं हे ऐकून मी अर्धा फूट उंच झाली असती. पण माहे डोळे इंदूबाईवर होते. त्यायनं फ्रेम दाराच्या उजेडाकडे वळवली. माह्याच्यानं राहावलं नाई. "इंदूबाई, तवा चूक झाली माही. आता जसं होतं तसं छापलं. नसंन आवडलं तं सांगा, मी..."

त्यायनं हातानं मले थांबवलं. काचेवर बोट ठेवलं, कपाळावर, मंग गालाच्या हाडावर, मंग त्या हट्टी ओठावर. त्यायचं बोटही तसंच, तोच रंग. अन् मंग, मले नाई, धम्मदीपले नाई, त्या चेहऱ्याले म्हणाल्या,

"तानुबाईची व, माय. तानुबाईची पोरगी हाये हे."

मी तिथंच खिरीचं पातेलं हातात धरून ढसाढसा रडली, अन् ते सांगाले मले काई लाज नाई.